‘कशावरून?’ : तीन ते आठ वर्षांच्या मुलांना तर्काने विचार करायला शिकवताना

तर्कशक्ती वाढवतो असं सांगणाऱ्या खेळण्यांना, ॲपना आणि वर्कबुकांना तोटा नाही. ‘यातलं कोणतं घेऊ?’ असं पालक विचारतात तेव्हा मी सांगतो, सध्या काहीच घेऊ नका. घरात चमचे आहेत, मोजे आहेत, बटणं आहेत, टॉर्च आहे, बादलीभर पाणी आहे. एवढ्यावर दोन-तीन वर्षं सहज निघतात. कमतरता असते ती दुसऱ्याच गोष्टीची: मूल काही म्हणालं की ‘कशावरून?’ असं विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसणाऱ्या मोठ्या माणसाची.

तर्काची कामं दोन. जे दिसतंय त्यावरून न दिसणारं ओळखायचं, आणि ते कशाच्या आधारावर ओळखलं हे दुसऱ्याला सांगायचं. पहिलं काम मुलं फार लवकर करू लागतात. जिन्यात पावलं वाजली की दाराकडे धावणारं दीड वर्षाचं पोर अनुमानच काढत असतं. दुसरं मात्र बोलण्यातून शिकावं लागतं, आणि ते जमू लागलं की पहिल्यालाही धार येते. या लेखातले सगळे खेळ त्या दुसऱ्या कामासाठी आहेत.

कोणत्या वयात काय अपेक्षा ठेवावी

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांचा एक प्रयोग कुणालाही घरी करून बघता येतो. बटणांच्या दोन सारख्या ओळी समोरासमोर मांडा. मूल म्हणेल, दोन्हीकडे सारखीच आहेत. आता त्याच्या देखत एका ओळीतली बटणं लांब लांब सरकवा आणि पुन्हा विचारा. चार-पाच वर्षांची बरीच मुलं लांब ओळीवर बोट ठेवून ‘इकडे जास्त’ म्हणतात. साधारण सात वर्षांच्या आसपास हे बदलतं, असं पियाजेंचं निरीक्षण होतं.

१९७४ साली जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी यात एक गमतीदार बदल केला. ओळ माणसाने सरकवायची नाही, एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने येऊन ‘चुकून’ विस्कटायची. मोठ्या माणसाने ओळ सरकवली तेव्हा सहा मुलांपैकी जेमतेम एखादं बरोबर उत्तर देत होतं. अस्वलाने विस्कटली तेव्हा निम्म्याहून जास्त मुलं बरोबर आली. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी केलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे आता उत्तर वेगळं हवं असणार, असं मुलं धरून चालत होती. तसं पाहिलं तर तोही तर्कच. मुलाचं उत्तर चुकलं म्हणजे त्याला विचार करता येत नाही असं लगेच ठरवू नका. कित्येकदा ते समोरच्या वस्तूंऐवजी तुमचा चेहरा वाचत असतं.

याच्या उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. फिलिप झेलाझो यांच्या पत्त्यांच्या चाचणीत मुलाला सशांची आणि होड्यांची रंगीत कार्डं देतात. आधी रंगाप्रमाणे वेगळी करायला सांगतात, मग नियम बदलून चित्राप्रमाणे. तीन वर्षांच्या मुलाला नवा नियम विचारला तर ते बरोबर सांगतं, पण हात मात्र रंगाप्रमाणेच कार्डं टाकत राहतो. चार-पाच वर्षांचं झालं की बहुतेकांना नियम बदलणं जमतं. तीन वर्षांच्या मुलाने ‘ऐकलं नाही’ म्हणून चिडण्याआधी हे आठवावं.

ढोबळ अंदाज असा धरा. तीन वर्षांचं मूल एका वेळी एक नियम पाळतं. चार-पाचव्या वर्षी नियम बदलता येतो आणि ‘मला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसेल’ हेही कळू लागतं. सहा-सातव्या वर्षी क्रम, प्रमाण, ‘हे त्याच्यात मोडतं’ अशा गोष्टी पक्क्या होतात. आठच्या आसपास मूल डावपेच आखू लागतं. यात सहा-आठ महिने इकडेतिकडे होणं अगदी सर्वसाधारण आहे.

पहिली पायरी: वेगळं करा, आणि नियम सांगा

वर्गीकरणाने सुरुवात करा. त्याला तयारी लागत नाही आणि तीन वर्षांच्या मुलालाही ते जमतं. डब्यातली बटणं जमिनीवर ओता. ‘लाल इकडे, पांढरी तिकडे’ असं सांगू नका. ‘यांचे गट कर बरं, तुला हवे तसे’ एवढंच म्हणा. नियम त्याचा त्याला शोधू द्या.

गट झाले की खरा खेळ सुरू होतो. ‘तू कशावरून गट केलेस ते मी ओळखू का?’ असं म्हणून मुद्दाम एखादा चुकीचा अंदाज सांगा. ‘मोठी बटणं इकडे ठेवलीस ना?’ मूल म्हणेल, ‘नाही! हे बघ, हे लहान आहे तरी इकडे आहे.’ एका उलट उदाहरणाने तुमचं विधान त्याने खोडून काढलं. तर्कातलं हे सगळ्यात उपयोगाचं हत्यार, आणि चार वर्षांचं पोर ते सहज वापरतं. त्यासाठी मोठ्याने अधूनमधून चुकीचं बोलायची तयारी ठेवली पाहिजे, इतकंच.

मग तीच बटणं पुन्हा एकत्र करा: ‘आता दुसऱ्या कशावरून तरी गट कर.’ रंग झाला की आकार, मग भोकं किती, मग चकचकीत की मळकट. तीन-साडेतीन वर्षांचं मूल इथे अडेल. अडलं तर त्या दिवशी थांबा, पुढच्या आठवड्यात बघा.

जमू लागलं की ‘नाही’ आणा. ‘जे लाल नाही ते सगळं इकडे.’ मोठ्यांना यात काही वाटत नाही, पण मुलाला ‘लाल नसलेलं’ हा गट दिसत नसतो, तो मनात बांधावा लागतो. त्यानंतर दोन अटी एकदम: ‘लाल आणि मोठं.’ दोरीची दोन वर्तुळं जमिनीवर एकमेकांवर थोडी चढतील अशी ठेवा. एका वर्तुळात लाल, दुसऱ्यात मोठी. लाल आणि मोठं बटण कुठे ठेवायचं? बहुतेक मुलं ते आधी एका वर्तुळात टाकतात, मग दुसऱ्यात, मग परत पहिल्यात. मधली सामाईक जागा त्यांची त्यांना सापडू द्या. सांगण्याचा मोह आवरणं कठीण जातं, पण आवरा.

विकतचं काही हवंच असेल तर हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्टान डीन्स (१९१६–२०१४) यांच्या नावाने ओळखले जाणारे तर्क-ठोकळे बरे. ४ आकार, ३ रंग, २ मापं आणि २ जाड्या मिळून ४८ ठोकळे, आणि कोणतेही दोन पूर्ण सारखे नाहीत. त्यांचा एक छान खेळ म्हणजे ‘एकाच फरकाची आगगाडी’: प्रत्येक नवा डबा आधीच्या डब्यापेक्षा फक्त एकाच गोष्टीत वेगळा हवा. पुठ्ठ्याचे तुकडे कापून रंगवले तरी हाच संच घरी तयार होतो.

सहाव्या वर्षाच्या आसपास विचारायचा एक प्रश्न: टोपलीत ६ लाल आणि २ पिवळी फुलं ठेवा आणि म्हणा, ‘लाल फुलं जास्त आहेत की फुलं जास्त आहेत?’ पुष्कळ मुलं ‘लाल’ म्हणतात, कारण त्यांची तुलना लाल आणि पिवळी यांच्यात झालेली असते. चूक दुरुस्त करू नका. ‘सगळी फुलं मला दे’ म्हणा, मग ‘सगळी लाल फुलं दे’ म्हणा, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारा. हाताने देता-घेता जे उमगतं ते समजावून सांगून उमगत नाही.

दुसरी पायरी: क्रम आणि आकृतिबंध

क्रमासाठी वेगवेगळ्या लांबीच्या पाच-सहा काड्या पुरतात. लहानापासून मोठ्यापर्यंत लावायच्या. चार वर्षांचं मूल दोन-दोनच्या जोड्या लावतं आणि सगळ्या एका ओळीत आणताना गडबडतं. थोडं मोठं झालं की एक काडी मागे ठेवा आणि ती शेवटी द्या: ‘ही कुठे बसेल?’ आधीचीपेक्षा मोठी पण पुढचीपेक्षा लहान, असं दोन्हीकडे एकदम बघायला ही काडी भाग पाडते. त्याच्याही पुढची गोष्ट तोंडी: ‘निळा मोजा हिरव्यापेक्षा लांब आहे. हिरवा पिवळ्यापेक्षा लांब आहे. निळा आणि पिवळा शेजारी न ठेवता सांग, कोणता लांब?’

आकृतिबंधात बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो: पुढे काय येईल? लाल-निळा-लाल-निळा, पुढे? हे मूल लवकर शिकतं आणि नुसत्या तालावर उत्तर देतं. त्यापेक्षा विचारा, ‘यातला कोणता तुकडा पुन्हा पुन्हा येतोय?’ लाल-लाल-निळा अशी साखळी असेल तर तो तुकडा बोटांच्या चिमटीत धरून दाखवायला सांगा. मग तीच साखळी टाळ्यांत वाजवायला सांगा: टाळी-टाळी-चुटकी. मणी बदलून टाळ्या आल्या तरी रचना तीच राहते, हे ज्याला कळलं त्याला आकृतिबंध कळला. मधेच एक मणी चुकीचा लावून ‘कुठे बिघडलं?’ म्हणून शोधायला लावलं तर मुलं फार खूष होतात, कारण चूक मोठ्यांची असते.

तिसरी पायरी: आधी अंदाज, मग करून बघणं

या पायरीवर जास्तीत जास्त वेळ घालवा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलिसन गोपनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालापासून एका साध्या यंत्राने बरेच प्रयोग केले. काही ठराविक ठोकळे वर ठेवले की यंत्र उजळतं आणि वाजतं, बाकीचे ठेवले तर गप्प राहतं. तीन-चार वर्षांची मुलं थोडीशी उदाहरणं पाहूनच यंत्र चालवणारा ठोकळा ओळखत होती. ठोकळा दिसायला कसा आहे यापेक्षा तो काय करतो याकडे त्यांचं लक्ष होतं. कारण शोधायची भूक मुलांमध्ये आधीपासूनच असते.

२००७ साली लॉरा शुल्झ आणि एलिझाबेथ बोनाविट्झ यांनी मुलांना दोन दांड्यांची एक पेटी दाखवली. दांड्या दाबल्या की दोन बाहुल्या वर येत. काही मुलांपुढे दोन्ही दांड्या एकदमच दाबल्या, त्यामुळे कोणती दांडी कोणती बाहुली वर आणते हे कळत नव्हतं. नंतर समोर नवं खेळणं ठेवलं तरी ही मुलं जुन्याच पेटीकडे वळत होती. कोडं सुटलेलं नव्हतं ना! ज्यांच्यापुढे दांड्या वेगवेगळ्या दाबल्या होत्या ती नव्या खेळण्याकडे गेली. २०११ मध्ये बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: शिकवण्याच्या सुरात ‘हे खेळणं असं चालतं’ म्हणून एक करामत दाखवली, तर मुलं तेवढीच करत बसतात आणि खेळण्यातल्या बाकीच्या करामती त्यांना कमी सापडतात. नवी वस्तू हातात देताना पहिली पाच-दहा मिनिटं तोंड बंद ठेवावं, असं मी म्हणतो ते यामुळे.

आता प्रत्यक्ष करायचं काय? बादलीभर पाणी घ्या आणि दहा-बारा वस्तू: बूच, किल्ली, लाकडाचा ठोकळा, टाचणी, प्लॅस्टिकचं झाकण, दगड, रिकामी बाटली, पाण्याने भरलेली बाटली. प्रत्येक वस्तू टाकण्याआधी अंदाज सांगायचा, आणि अंदाजाचं कारणही. संभाषण साधारण असं होतं:

‘ही टाचणी टाकली तर काय होईल?’
‘तरंगेल.’
‘कशावरून?’
‘हलकी आहे.’
(टाचणी बुडते.)
‘अरेच्चा! आता?’
‘...लोखंडाची आहे म्हणून बुडाली.’
‘बरं. मग लाकडाचा हा मोठा ठोकळा? हा टाचणीपेक्षा खूप जड आहे हं.’
‘जड आहे, पण... तो तरंगेल. लाकूड तरंगतं.’

तो ‘पण’ ऐकायला कान टवकारून बसा. ‘हलकं तरंगतं, जड बुडतं’ हा नियम मुलाने स्वतःच्या हाताने मोडला आणि त्या जागी दुसरा ठेवला. नवा नियमही पुरा नाही, कारण पोकळ असेल तर लोखंडही तरंगतं. पण ते आज सांगायची गरज नाही. उद्या एक रिकामी स्टीलची वाटी पाण्यावर ठेवा आणि बघत राहा.

मोठ्या मुलांना, म्हणजे सहाच्या पुढे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची शिस्त लावता येते. पुस्तकांवर फळी टेकवून उतार करा आणि गाडी सोडा. ‘गाडी लांब कशाने जाते?’ मूल फळी उंच करेल, गाडीही बदलेल आणि जोरात ढकलेलही, तिन्ही एकदम. गाडी लांब गेली की विचारा, ‘कशामुळे गेली?’ त्याला सांगता येणार नाही. ‘मग कळण्यासाठी काय करूया?’ इथे चार-पाच वेळा अपयश येऊ द्या. फक्त उंची बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, ही कल्पना मुलाच्या तोंडून आली तर ती कायमची त्याची होते.

बंद पडलेला टॉर्च हे असंच उत्तम साहित्य. टॉर्च लागत नाही, मग कारणं काय असू शकतात? सेल संपले असतील, उलटे बसवले असतील, बटण बिघडलं असेल, दिवा गेला असेल. एकेक तपासायचं आणि नाही निघालं ते बाजूला करायचं. पाच वर्षांच्या मुलाबरोबर अर्धा तास छान जातो. बटणासारखे चपटे सेल असलेली उपकरणं मात्र या खेळात आणू नका. ते गिळले गेले तर जीवघेणी इजा होते.

चौथी पायरी: तर्काचे शब्द

सगळे, काही, एकही नाही. आणि, किंवा. जर-तर. कारण, म्हणून. या दहा-बारा शब्दांवर सारा तर्क तोललेला असतो आणि मुलं ते वापरतातही, पण बऱ्याचदा नेमका अर्थ न पकडता. ‘मी पडलो म्हणून पाय घसरला’ असं चार वर्षांचं मूल म्हणतं तेव्हा हसून सोडून न देता ‘आधी काय झालं?’ एवढं विचारा. क्रम लागला की ‘म्हणून’ आपोआप जागेवर येतं.

‘सगळे’ आणि ‘काही’साठी खोटं पकडण्याचा खेळ खेळा. समोर पाच गाड्या, चार निळ्या आणि एक लाल. तुम्ही म्हणायचं, ‘सगळ्या गाड्या निळ्या आहेत.’ खरं की खोटं? खोटं असेल तर कोणत्या गाडीने ते खोटं पाडलं, तिच्यावर बोट ठेवायचं. मग ‘काही गाड्या निळ्या आहेत’, ‘एकही गाडी हिरवी नाही’. शेवटच्या वाक्यावर मुलं थबकतात, कारण बोट ठेवायला काहीच नसतं. थबकू द्या.

‘किंवा’साठी दोन पेले पालथे घाला आणि एकाखाली बटण ठेवा. ‘बटण या पेल्याखाली किंवा त्या पेल्याखाली आहे.’ एक पेला उचला, रिकामा निघेल. ‘आता न उचलता सांग.’ तीन वर्षांची मुलंही बहुधा दुसऱ्या पेल्याकडे वळतात, पण ती खात्रीने वळली की नुसत्या अंदाजाने, हे वळण्यावरून समजत नाही. म्हणून विचारायचं: ‘नक्की? कशावरून नक्की?’ ‘इकडे नव्हतं म्हणून’ हे उत्तर आलं की काम झालं.

जर-तर सगळ्यात अवघड, आणि मोठेही त्यात फसतात. ‘पाऊस पडला की अंगण ओलं होतं.’ ठीक. ‘अंगण ओलं आहे, म्हणजे पाऊस पडला?’ सहा-सात वर्षांचं मूल आधी ‘हो’ म्हणेल. ‘आणखी कशाने ओलं होईल?’ कुणीतरी पाणी टाकलं असेल, पाइप फुटला असेल, झाडांना पाणी घालताना सांडलं असेल. एका परिणामाला अनेक कारणं असू शकतात ही जाण पुढे आयुष्यभर उपयोगी पडते. भांडणात तर लगेचच: ‘खेळणं तुटलंय, म्हणजे तिनेच तोडलं!’ ‘आणखी कशाने तुटलं असेल?’

पाचवी पायरी: प्रश्न विचारायला शिकणं

मनात धरलेली वस्तू ओळखायचा खेळ सगळ्यांना माहीत आहे. त्यातून तर्क शिकायचा असेल तर तो थोडा आवळून घ्या. टेबलावर १६ चित्रं मांडा. एक तुम्ही मनात धरा. मुलाने फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारायचे, आणि उत्तर मिळालं की बाद झालेली चित्रं स्वतः उलटी करायची.

लहान मुलं सरळ नावच घेतात: ‘कुत्रा आहे?’ नाही. ‘मांजर?’ नाही. एका प्रश्नाला एकच चित्र उलटं होतं. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेडरिक मोशर आणि जोन हॉर्न्सबी यांच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: सहा वर्षांची मुलं बहुतेक असे सुटे अंदाज करत, तर आठ आणि अकरा वर्षांची मुलं गट छाटणारे प्रश्न जास्त विचारत. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘चांगला प्रश्न विचार’ म्हणून रागावण्यात अर्थ नाही. जागा बदला. मुलाने मनात धरायचं आणि तुम्ही विचारायचं: ‘ते जिवंत आहे का?’ नाही. मग आठ चित्रं एकदम खटाखट उलटी करा, जरा नाटकीपणाने. पुढच्या प्रश्नाला चार. मग दोन. मग एक. १६ चित्रं चार प्रश्नांत संपतात हे मूल डोळ्यांनी पाहतं. दोन-चार डावांनंतर ते स्वतः विचारेल, ‘याला पाय आहेत?’ आणि किती उलटी होतात ते बघेल. काही मुलांना वेळ लागतो, काही एका दिवसात उचलतात.

सोंगट्यांचे, पत्त्यांचे, फुली-गोळ्याचे खेळ याच पायरीवर येतात. त्यांत जिंकण्या-हरण्यापेक्षा एकच गोष्ट बघा: चाल करण्याआधी मूल ‘मी इथे ठेवलं तर तू तिथे ठेवशील’ असं म्हणतं का? बुद्धिबळ शिकवायचं तर आवडीसाठी जरूर शिकवा. ते आलं की गणितही आपसूक सुधारेल या भरवशावर नको, बुद्धिबळातलं कौशल्य बहुतांशी बुद्धिबळातच राहतं.

सूचनांचा खेळही करून बघा. तुम्ही यंत्रमानव, मूल चालक. दारापासून खुर्चीपर्यंत न्यायचं. ‘जा’ म्हटलं की तुम्ही भिंतीला आपटेपर्यंत सरळ चालत जायचं. हसून हसून पोट दुखेल, पण पाव तासात ‘तीन पावलं पुढे, मग थांब, मग उजवीकडे वळ’ अशा नेमक्या सूचना येऊ लागतात.

बोलायचं कसं

खेळ कोणताही असो, फरक तुमच्या बोलण्याने पडतो.

‘का?’पेक्षा ‘कशावरून?’ किंवा ‘तुला कसं कळलं?’ बरं. ‘का केलंस?’ या प्रश्नाला घरात आरोपाचा वास असतो, मूल बचावाला लागतं. आणि हा प्रश्न बरोबर उत्तरानंतरही विचारा. तो फक्त चुकल्यावर विचारला तर दोन दिवसांत मुलाला समजतं की ‘कशावरून?’ म्हणजे ‘चूक आहे, बदल’. मग ते उत्तर बदलतं आणि विचार करणं सोडून देतं.

विचारल्यावर थांबा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास वर्गांमधलं बोलणं मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबत असल्याचं दिसलं. थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली, त्यांत कारणं येऊ लागली आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. प्रत्यक्ष थांबून बघा, फार मोठे असतात.

आणखी एक युक्ती रॉबर्ट सिगलर यांच्या १९९५च्या प्रयोगातली. लेखाच्या सुरुवातीच्या बटणांच्या ओळींसारखेच प्रश्न पाच वर्षांच्या मुलांना दिले. काहींना फक्त उत्तर बरोबर की चूक ते सांगितलं, काहींना स्वतःच्या उत्तराचं कारण विचारलं, आणि काहींना बरोबर उत्तर सांगून विचारलं, ‘मला हे कसं कळलं असेल सांग?’ सगळ्यात जास्त प्रगती या तिसऱ्या गटाची झाली. चुकीच्या उत्तराचं समर्थन करायला लावलं की मूल त्याच चुकीला घट्ट धरून बसू शकतं. म्हणून मूल फारच अडलं तर उत्तर सांगून टाका, आणि मग त्याला तुमच्या डोक्यात शिरायला सांगा.

स्वतः मोठ्याने विचार करा. ‘किल्ली सापडत नाहीये. सकाळी दार उघडलं तेव्हा होती. म्हणजे त्यानंतर मी जिथे जिथे गेले तिथेच असणार.’ मूल ऐकत असतं. आणि घरातल्या नियमांना कारणं द्या. मग मूल त्या कारणांनाच धरून वाद घालणार, याची तयारी ठेवा. ‘बाहेर अंधार आहे म्हणून आत ये’ असं सांगितलंत आणि त्याने दिवा लावून ‘आता अंधार नाही’ म्हटलं, तर वाद त्याने जिंकला. एक तर मान्य करा, नाहीतर खरं कारण सांगा. ‘मी सांगते म्हणून’ हे उत्तर घाईच्या वेळी देणं भाग पडतं, पण दिवसभर तेच चाललं तर संध्याकाळी बटणांचे गट करून फारसा उपयोग नाही.

काय टाळावं

चार वर्षांखालच्या मुलाला कागदावरच्या वर्कशीट देऊ नका. चित्रातले तीन चेंडू आणि हातातले तीन चेंडू त्याच्यासाठी सारखे नसतात. घड्याळ लावून कोडी सोडवायला लावू नका, घाईत माणूस अंदाजच करतो. शब्दांच्या कोट्यांवर चालणारी कोडी मजेसाठी ठेवा, त्यांत तर्क कमी आणि आधी ऐकलेलं असणं जास्त. ‘किती हुशार!’ याऐवजी नेमकं काय आवडलं ते सांगा: ‘एक गाडी लाल निघाली म्हणून तू सगळं वाक्य खोटं ठरवलंस, ते भारी होतं.’

आठवड्यातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं, मूल कंटाळण्याच्या थोडं आधी थांबायचं. वेळापत्रक याहून जास्त नको. एका बैठकीत एकच खेळ, आणि जमलेला खेळ पुन्हा मागितला तर पुन्हा खेळा. मुलांना जमलेलं परत परत करायला आवडतं, आणि त्यातच ते पक्कं होतं.

प्रगती गुणांत मोजू नका, बोलण्यात शोधा. ‘पण’, ‘नाहीतर’, ‘जर’, ‘म्हणजे मग’ हे शब्द वाढले का? ‘मला नक्की माहीत नाही, बघूया’ असं मूल म्हणतं का? स्वतःचं आधीचं म्हणणं बदलतं का? तुमच्या बोलण्यातली विसंगती पकडतं का? यातलं एखादं दर महिन्या-दोन महिन्यांनी नव्याने दिसलं तरी पुष्कळ. चार वर्षांच्या मुलाला ‘चप्पल घाल आणि पिशवी आण’ अशी दोन टप्प्यांची सूचना नेहमीच अवघड जात असेल, किंवा बोलणं समवयस्कांपेक्षा खूप मागे वाटत असेल, तर खेळ वाढवण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून कान आणि बोलणं तपासून घ्या. नीट ऐकूच येत नसेल तर बाकी सगळं त्यावर अडतं.

घरात दोन वेगवेगळ्या वयांची मुलं असतील तर मोठ्याला धाकट्याचा ‘शिक्षक’ करण्याचा मोह होतो. त्याने मोठा उत्तरं सांगत सुटतो आणि धाकटा विचार करणं थांबवतो. त्याऐवजी मोठ्याला गुपचूप काम द्या: धाकट्यासाठी असा गट कर की त्याचा नियम ओळखायला त्याला जरा वेळ लागेल, पण ओळखता येईल. इतकं सोपंही नको आणि इतकं अवघडही नको. हे ठरवताना सात वर्षांच्या मुलाला चार वर्षांच्या मुलाला काय माहीत आहे आणि काय नाही याचा अंदाज बांधावा लागतो. धाकट्याने ओळखलं की नाही ते बघायला तो श्वास रोखून बसतो, आणि उत्तर चुकलं तर स्वतःहून विचारतो, ‘तुला असं कशावरून वाटलं?’